डॉक्टरांच्या लॅपटॉपमधल्या बिननावाच्या नोंदी

आधीच सांगून टाकतो. करणी, भुतंखेतं, अंगात येणं यांवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. मशीन चालू होत नाही म्हणजे पॉवर सप्लाय गेलेला असतो, नाहीतर उंदरानं वायर कुरतडलेली असते. तिसरं काही नसतं. या सदरातले चकव्याचे, हडळीचे अनुभव मी जेवताना वाचतो आणि बायकोला वाचून दाखवून हसतो. तरी आज स्वतः लिहायला बसलोय… कारण गेली कित्येक वर्षं हे अंगाला चिकटून बसलंय. वाचून घाबराल असं यात फारसं काही नाही. मलाही तेव्हा भीती वाटली नव्हती. किळस आली होती. ती अजून गेलेली नाही.

माझं दुकान माजलगावला, मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका खताच्या दुकानाच्या माडीवर. सन दोन हजार लागायला दीडेक महिना होता. वर्ष बदलताना सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी हवा होती, त्यामुळे ज्याच्याकडे म्हणून मशीन होतं तो माझ्याकडे येत होता. गावात लॅपटॉप मात्र एकच — डॉक्टरांचा. त्यांचं नाव लिहीत नाही, डॉक्टरच म्हणतो. बायकांचा दवाखाना, वर बाळंतपणाच्या खोल्या, खाली सोनोग्राफी. लाइट सारखी जायची म्हणून त्यांनी पुण्याहून जुना लॅपटॉप आणला होता. काळा, पाट्यासारखा जड.

त्या लॅपटॉपवर लसीकरणाच्या नोंदीचा प्रोग्राम मीच बनवून दिला होता. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाचं नाव, आईचं नाव, गाव, मुलगा की मुलगी, जन्मतारीख एवढं भरायचं. प्रोग्राम वय मोजायचा आणि कोणत्या बाळाचा कोणता डोस राहिलाय त्याची यादी सकाळी दाखवायचा. साधं काम होतं, पण मला त्याचा लई अभिमान होता. दर पंधरा दिवसांनी मी जाऊन तो बघायचो, फ्लॉपीवर कॉपी काढायचो. त्यामुळे दवाखान्यात माझी ऊठबस होती. डॉक्टर गोड बोलायचे. हात सारखे धुवायचे. पेशंटच्या सासूला "आई" म्हणायचे.

दिवाळी झाल्यावर त्यांचा फोन आला.

"सोमनाथ, अरे हे मशीन बैलगाडीसारखं चाललंय. सकाळी चालू केलं तर यादी यायला अर्धा तास."

मी गेलो. झाकण उघडलं आणि पहिल्यांदा वास आला. फाटलेल्या दुधाचा. वाटलं, चहा सांडला असेल. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून काय काय चालू आहे ते पाहिलं. फालतू प्रोग्राम बंद केले, मशीन चालू होताना आपोआप उघडणारे होते ते काढले. टेम्पररी फाइली उडवल्या. डिस्क तपासली, तिच्यावरचा पसारा आवरायला डीफ्रॅग लावलं आणि ते रंगीत चौकोन सरकताना बघत बसलो. काही फरक नाही. बत्तीस एमबी रॅम, त्यातली एक-दोन टक्केच मोकळी. हार्ड डिस्क नुसती घरघरत होती… मेमरी पुरत नाही म्हणून मशीन डिस्कवर लिहीत होतं, पुसत होतं, पुन्हा लिहीत होतं.

लॅपटॉप दुकानात आणला आणि कीबोर्ड काढला. खाली पिवळट, चिकट थर. आमच्या शेजारी धनगराचं घर होतं, त्यांची म्हैस व्याली की आम्हाला चीक यायचा. तस्साच रंग, तसाच बोटाला ओढला जाणारा. स्पिरिटनं पुसलं, कापूस फेकला, साबणानं दोनदा हात धुतले.

डॉक्टरांना फोनवर विचारलं, "सर, चहा किंवा दूध सांडलं होतं का?"

"मी दवाखान्यात पाण्याशिवाय काही घेत नाही," ते म्हणाले.

असो. मी सगळं फॉरमॅट मारलं. विंडोज नव्याने टाकली, रॅम दुप्पट केली, माझ्याकडच्या फ्लॉपीवरून नोंदी परत चढवल्या. मशीन पळायला लागलं. पोचवून आलो. पाचव्या दिवशी पुन्हा फोन — तेच रडगाणं.

तेव्हा मात्र मी बाकी सगळं सोडून माझा स्वतःचाच प्रोग्राम उघडला. हे आधी करायला पाहिजे होतं, पण आपल्या हातच्या कामात खोट असेल असं कुणाला वाटतं? दवाखान्यातली बाळं होती चारशे ऐंशीच्या घरात. यादीत नोंदी होत्या अठराशेच्या वर. आणि ज्या बाळाला एकही डोस दिलेला नाही, त्याच्या प्रत्येक राहिलेल्या डोसची आठवण माझा तो कच्चा प्रोग्राम मेमरीत रचून ठेवायचा. मेमरी कुठे जाते ते सापडलं! मला खरोखर आनंद झाला.

मग मी त्या जादा नोंदी वाचायला लागलो.

नाव — कोरं. आईचं नाव — कोरं. गाव होतं. जन्मतारीख होती. लिंग — सगळीकडे स्त्री. एकीलाही लस नाही. बीडजवळच्या पालीपासून इकडे आमच्या तालुक्यापर्यंत गावं होती. काही जन्मतारखा तर अजून उगवायच्या होत्या… पुढच्या फेब्रुवारीतल्या, मार्चमधल्या, एप्रिलमधल्या. मला वाटलं, हाच तो दोन हजार सालाचा घोळ! वर्षाचे आकडे गडबडलेत. कागदावर आकडेमोड करून पाहिली. गडबड नव्हती. पुढच्या तारखा चार-पाच महिन्यांच्या आतल्याच होत्या, एकही त्यापलीकडे नाही. आणि सगळ्यांत जुनी नोंद सहा वर्षांपूर्वीची.

दवाखान्यात शकुंतलामावशी म्हणून आया होती. डॉक्टर नसताना तीच खोली झाडायची. मला तिचाच संशय आला. गाठून विचारलं, "मावशी, ह्या मशीनला हात लावता का तुम्ही?"

"म्या कावून लावू बाबा? मला सही येत न्हाई धड."

"सहा वर्षांपूर्वी इथं काय होतं? त्याच्या आधीची एकपण नोंद नाही."

तिनं फडकं पिळलं. "सहा वर्सं? तवाच ते पोट बघायचं मशीन आलंतं," ती म्हणाली आणि बादली घेऊन निघून गेली.

मी तिथेच बसलो. आता खरं सांगतो… मला कळत नव्हतं असं नाही. अख्ख्या गावाला कळत होतं. तपासणी झाली की डॉक्टर तोंडानं काही सांगायचे नाहीत. महादेवाला नारळ फोडा म्हणाले तर घरचे हसत बाहेर यायचे. देवीला नारळ फोडा म्हणाले तर कुणी बोलायचं नाही, आणि दोन दिवसांनी तीच बाई पोट पाडायला वरच्या खोलीत. या गोष्टीवर पानटपरीवर विनोद चालायचे. मीही हसलोय.

तरी डोकं ऐकेना. म्हटलं, कुणीतरी मुद्दाम भरतंय. डॉक्टरांना अडकवायला. लॅपटॉप पुन्हा दुकानात आणला. कोऱ्या नोंदी मोजून सगळ्या पुसल्या, उरलेल्याही मोजून कागदावर लिहिल्या. मशीन बंद केलं, बॅटरी काढून वेगळ्या खणात ठेवली, लॅपटॉप लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या खिशात. तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आत कपाट उघडलं.

तोच वास. बटणांच्या फटींतून ते पिवळं वर आलेलं.

बॅटरी घालून चालू केलं. यादी यायला पंचवीस मिनिटं लागली. पुसलेल्या सगळ्या नोंदी परत होत्या, आणि वर सात नव्या. तारखा एप्रिलमधल्या. सात गावं मी चिठ्ठीवर उतरवली आणि दवाखान्यात जाऊन मावशीला हळूच विचारलं, "गेल्या तीन दिवसांत वरच्या खोलीत किती झाल्या?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. "सात."

मी चिठ्ठीवरची गावं वाचली. चौथ्या गावाला तिनं माझा हात धरला. "तुला कोनी सांगितलं बे पोरा? म्या तर न्हाई सांगितलं कुनाला!"

दुकानात येऊन यादी गावाप्रमाणे लावली. का लावली ते मला माहीत होतं. दिंद्रुडच्या अकरा नोंदी निघाल्या. त्यातली एक — जन्मतारीख मागच्या वर्षीची, एकोणीस जुलै. वय सोळा महिने.

दिंद्रुडला माझी मोठी बहीण दिली आहे. छाया तिचं नाव, मी आक्का म्हणतो. सासरचं किराणा दुकान, घरात रोज पिंडीची पूजा, जेवण झाल्यावर गरिबाला वाढणारी माणसं. तिला दोन मुली. मागच्या वर्षी तिसऱ्या वेळेला दिवस गेले होते, आणि आमच्या घरी सांगितलं गेलं की न्हाणीत पाय घसरून पडली, मोकळी झाली. पण त्याच्या आठ दिवस आधी आईनं मला सांगितलं होतं, "डॉक्टर तुझ्या वळखीचे हायत, आक्काला नंबर लावून दे. लई गर्दी असती." मी लावून दिला होता. आक्का-दाजींना घेऊन मीच गेलतो. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो आणि डॉक्टर बाहेर येऊन दाजींना म्हणाले होते, "देवीला एक नारळ फोडा." मी ऐकलं होतं. ऐकून पेपर वाचत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दिंद्रुडला गेलो. दाजी दुकानात होते. आक्का मागच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. कसं विचारावं ते कळेना, म्हणून सरळ विचारलं, "आक्का, तुला तिसऱ्या वेळची तारीख कोणती दिली होती?"

शेंगा फोडायची थांबली नाही ती. "जुलैची एकोनीस."

"अजून लक्षात हाय?"

"सोळा म्हैने झालेत," ती म्हणाली. "शेजारची तेवढ्याचीच हाय. आता चालती ती, उंबरा वलांडती. मी रोज बघती न्हवं." मग तिनं मान वर केली. "पन तुला काय करायचंय सोमा? तुमी समदे तर इसरून गेलात."

मी सांगितलं. लॅपटॉप, नोंदी, कपाट, सगळं. ती वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "नाव कोरं हाय?"

"हो."

"मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी मुलींच्या शाळेचे कपडे आणायचे म्हणून सांगून ती जीपनं एकटीच माजलगावला आली. माडीच्या जिन्यावरून चढताना धाप लागली होती तिला. वास तिलाही आला. तिनं नाकाला पदर लावला नाही. मी खुर्ची दिली, ती नोंद स्क्रीनवर आणली आणि बोट ठेवून दाखवलं… गाव, तारीख, वय.

ती कोऱ्या रकान्याकडे वाकली. मग म्हणाली, "लिही. गिरिजा."

"आक्का, याचा काही उपयोग…"

"पहिल्या दोघींची नावं सासूनं ठेवली. हिचं मी ठेवती. लिही."

मी लिहिलं. आईच्या नावाच्या जागी छाया लिहिलं. सेव्ह केलं. आक्कानं खाली बघितलं, मग विचारलं, "ही खालची कोन?"

"माहीत नाही. तीपण दिंद्रुडचीच. नाव नाही."

"मग तिचं संगीता लिही."

मी लिहिलं. ती थांबेना. संगीता, मंगल, शोभा, कांता, रुक्मिणी… शाळेतल्या मैत्रिणींची, मावश्यांची, आमच्या गल्लीतल्या पोरींची नावं ती आठवून आठवून सांगत होती आणि मी टाइप करत होतो. दिंद्रुड संपलं, दुसरं गाव घेतलं. दरवेळी मशीन तीन-चार मिनिटं अडकायचं, ती वाट बघायची. गिऱ्हाइकं आली, मी परत पाठवली. बोटं चिकट झाली होती. मधेच मी पुसायला उठलो तर म्हणाली, "बस. दूधच हाय ते." जिन्यात जाऊन ओकलो, तोंड धुतलं आणि परत येऊन बसलो.

एक्काहत्तर नावं झाली होती तेव्हा डॉक्टर आले. लॅपटॉप झाला का बघायला स्वतः जिना चढून. पांढरा स्वच्छ शर्ट.

ते माझ्या खांद्यावरून वाचायला लागले. "ही कुणाची नावं?"

मी काही बोलायच्या आत आक्का म्हणाली, "तुमच्याकडं आलेल्या पोरी हायत. लस न्हाई मिळाली त्यांला."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. आणि मला त्या दिवसातली सगळ्यांत मोठी किळस तेव्हा आली… त्यांनी तिला ओळखलंच नाही. "आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" गोड आवाजात म्हणाले. बत्तीस वर्षांची माझी बहीण.

ती उठली नाही. डॉक्टर मग पुढच्या नोंदी बघत गेले. गावं, तारखा. त्यांचं वाचणं हळूहळू बंद पडलं.

"काढून टाक हे."

"दोनदा काढलंय सर. परत येतंय."

"मग नीट काढ!"

"मी नाही काढत," मी म्हणालो. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "ते बटण. तुम्ही काढा."

त्यांनी बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही. बोट उचलून बघितलं, पिवळी तार ओढली गेली होती. त्यांनी ते बोट नाकाशी नेलं. दिवसभर बाळंतपणं करणाऱ्या माणसाला तो वास सांगायला लागत नाही. रुमालानं बोट पुसलं, पुन्हा पुसलं. झाकण लावलं, लॅपटॉप काखेत घेतला आणि निघून गेले. जिन्यावरून उतरताना रुमाल खाली टाकून दिला होता, तो खतवाल्यानं काठीनं उचलून गटारीत फेकला.

आता तुम्हाला वाटेल डॉक्टरांचं काहीतरी वाईट झालं असेल. काही झालं नाही. नवा कॉम्प्युटर आला, नवा माणूस आला, दवाखान्याला आणखी एक मजला चढला. गणपतीत त्यांच्या हस्ते बक्षीस वाटप व्हायचं. मी तक्रार केली नाही. कशाची करणार होतो? कपाटातल्या मशीनची? आणि खरी करायची तर पहिलं नाव माझं आलं असतं, नंबर लावणाऱ्याचं. ही गोष्ट मी स्वतःला बरेच दिवस समजावली. ती समजूतही त्या पिवळ्या थरासारखीच आहे, पुसली तरी हाताला लागते.

आईला मात्र मी विचारलं. भाकरी थापत होती. म्हणाली, "बायकांचं हाय ते, तू कावून बोलतो त्यात?" आणि ताटात भाकरी टाकली. मी ती खाल्ली. तेव्हाही खाल्ली, नंतरही खात राहिलो.

आक्का त्या दिवशी शेवटच्या जीपनं परत गेली. मुलींचे कपडे घ्यायचं आम्ही विसरलो होतो, तिला घरी बोलणी बसली. नंतर तिनं हा विषय काढला नाही. फक्त पुढच्या वर्षी तिला परत दिवस गेले आणि सासूनं पुन्हा तपासणीचं काढलं, तेव्हा ती दोन्ही मुलींना घेऊन सरळ माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि बाळंत होईपर्यंत तिथेच राहिली. या वेळी मी पेपर वाचत बसलो नाही. एवढंच माझ्या खात्यावर… जाऊ द्या.

शेवटचं सांगतो, मग थांबतो. डॉक्टरांकडे जो नवा माणूस आला होता, तो बीडचा. त्याला आमच्यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी त्याचा मला फोन आला.

"तुमच्या प्रोग्राममध्ये बग हाय राव. त्या जुन्या लॅपटॉपवर मी सगळं पुसतो, आठ दिवसांत नोंदी परत येतात."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"पन सगळ्या न्हाई येत. सत्तर-एक्काहत्तर नावाच्या होत्या, त्या एकदा पुसल्या त्या गेल्या. बिननावाच्या तेवढ्या परत येतात. असं कावून होत असंल?"

मी प्रोग्रामची एकेक ओळ पुन्हा तपासली. नंतरच्या वर्षांत माझ्यापेक्षा हुशार लोकांना दाखवली. नाव भरलेलं असण्याचा आणि पुसलं जाण्याचा त्यात काहीही संबंध नाही. बॅटरी काढलेलं मशीन बंद कपाटात नोंदी कशा लिहीत होतं, याचंही उत्तर नाही. त्या माणसाला मी तेव्हा एवढंच म्हणालो होतो की मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर कळवा. मला आजही माहीत नाही.